कॅझची धून आणि बर्फावरची गाडी

टॅमरॅक, विस्कॉन्सिन
९ जानेवारी १९७८

प्रिय मामा,

तुझा खोकला ॲरिझोनाच्या उन्हात पळाला की नाही, ते आधी कळव. इथे श्वास घेतला तर नाक गोठतं आणि तू तिकडे अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसला असशील. रोज सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना मला तुझा राग येतो.

बातमी अशी की तुझ्या भाचीच्या गळ्यात धोंड पडली आहे. शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आपल्या बिगूल-ड्रम पथकाची सभा झाली. बड हेगेनबार्थ दुकानात खिळे विकताना जसा ओरडतो तसाच ओरडून म्हणाला, "यंदा उन्हाळ्यात मैदानावर काय वाजवायचं, कोणत्या कल्पनेवर वाजवायचं, हे लिनेट ठरवेल. शाळेत संगीत शिकवतेस ना? मग झालं तर!" इतकी वर्षं जे काम तू करायचास ते एका वाक्यात माझ्याकडे आलं आणि लगेच कॉफी वाटली गेली.

आता ऐक. पोरांना अंतराळ हवं आहे. बिगुलवाल्यांना, ड्रमवाल्यांना, सगळ्यांना. झेंडे फिरवणाऱ्या मुलींना चंदेरी कपडे हवेत. बडला 'अमेरिका' हवी, कारण लाल-पांढरं-निळं म्हणे कधी जुनं होत नाही. मुलींच्या मास्तरीणबाईंना समुद्र हवा. मी विचारलं, "इथे कोणी कोणी समुद्र पाहिलाय?" एकच हात वर आला, आणि चौकशी केल्यावर ते लेक मिशिगन निघालं.

डोकं धरून बाहेर पडले आणि पुलावर थांबले. खाली नदीवर गाडी उभी होती. दर हिवाळ्यात बर्फावर एक मोडकी गाडी ढकलून ठेवायची आणि ती वसंतात कधी बुडेल यावर अख्ख्या गावाने पैज लावायची, हा आपला खेळ. यंदा बडची हिरवी स्टेशन वॅगन आहे आणि आत टोपी घातलेलं बुजगावणं बसवलंय. मला एकदम वाटलं, अंतराळात कशाला जायचं? आपला कार्यक्रम हा उभा आहे! सुरुवातीला थंडी, पांढरे झेंडे, खालच्या पट्टीतले बिगूल. मग गाडी ढकलण्याची गंमत. मग वाट बघणं. मग बर्फ तडकतो, ड्रम कडाडतात, गाडी बुडते आणि सगळं गाव पोल्का नाचतं.

संगीत तू लिहिशील ना? दुसऱ्या कोणाला विचारायची माझी इच्छा नाही.

शेवटाचं मग बघू. दर वर्षी शेवटी वाजते ती तुझी धून आहेच म्हणा. ती असायलाच हवी का, असं मी विचारत नाहीये.

तुझी,
लिनेट


टुसॉन, ॲरिझोना
२० जानेवारी १९७८

चि. लिनेटस,

ताकाला येऊन भांडं लपवण्याची सवय तू आईकडून उचललीस. तीही पैसे मागायला यायची आणि माझ्या तब्येतीची चौकशी करत बसायची. खोकला आहे तिथेच आहे. ऊनही आहे तिथेच आहे. दोघांचं माझ्या अंगावर गुण्यागोविंदाने चाललंय.

अंतराळ नको म्हणालीस ते बरं केलंस. यंदा इलिनॉयपासून ओहायोपर्यंत प्रत्येक पथक अंतराळात जाणार आहे. तिथे उभं राहायला जागा उरणार नाही. समुद्राबद्दल बोलतच नाही. बडला सांग, लाल-पांढरं-निळं जुनं होत नसेल, पण तो होतो.

गाडी मला आवडली. जे पोरांच्या डोळ्यांसमोर रोज असतं ते वाजवायला त्यांना शिकवावं लागत नाही. मी लिहितो. उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत आणि इथे उंटाला साजेसं वाळवंट तरी आहे.

पण शेवटाबद्दल स्पष्ट सांगतो. ती धून माझी नाही, कॅझची आहे. तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. कॅझिमिर ग्लोडोव्स्की आपला स्नेअरवाला, त्या कडकडीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा वादक होता, पथकाला मिळालेला सगळ्यांत चांगला. एकविसावं सरलं की पथकातून निवृत्ती, हा नियम. तसा तो बाहेर पडला आणि व्हिएतनामला गेला. तिथून तो आला नाही. त्या हिवाळ्यात मी ती लिहिली. तेव्हापासून आपण दर उन्हाळ्यात कार्यक्रम तिच्यावरच संपवतो, आणि गावच्या स्पर्धेत वांडा ग्लोडोव्स्की मैदानाच्या मधल्या रेषेसमोर त्याच जागी येऊन बसते. आपल्या पोराची धून ऐकायला येते ती. तिच्यापासून ती काढून घेणार आहेस का?

नाही ना? मग झालं.

मामा


टॅमरॅक
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय मामा,

थंडीचं संगीत आलं. काय लिहिलंयस! जाड्या बिगुलांचे ते खालचे सूर शाळेच्या व्यायामशाळेत घुमले तेव्हा पोरांनी खरोखर जाकिटांच्या चेनी वर ओढल्या.

आम्ही आतल्या आत चालून बघतोय. घडीच्या खुर्च्यांची गाडी केली आहे. पोरं ती ढकलतात, घसरतात, एकमेकांना शिव्या घालतात, आणि बुडण्याच्या जागी इतकी रंगात येतात की मला शिट्टी फुंकून थांबवावं लागतं. पोल्का संपते, सगळे धापा टाकत हसत असतात. आणि मग कॅझची धून सुरू होते. ड्रमवाले काठ्या काखेत धरून माना खाली घालतात. बिगूल हळू, अगदी हळू.

परवा मार्गी ड्रेव्हसने, ही स्नेअरच्या ओळीतली सर्वांत धाकटी, हात वर केला. "मिस, गाडी बुडाली म्हणून आपण रडतोय का?"

हसून हसून सगळे लोळले. मामा, मीही हसले, आणि मग मला फार वाईट वाटलं. मी लहान होते तेव्हा कॅझ मला खांद्यावर बसवून बसपर्यंत न्यायचा. पण या पोरांनी त्याला पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी ही 'ती जुनी' आहे. वाजवतात बिनचूक, आणि मनात रात्रीच्या जेवणाचा विचार करतात. मला ते चेहऱ्यावरून कळतं.

ती बसत नाही रे. कशीही फिरवून बघितली, मधे घातली, आधी घातली. बसत नाही.

बडला म्हटलं तर तो लालबुंद झाला. "वांडाचं काळीज तोडायचंय का तुला?" मलाही नाही तोडायचं. म्हणून तुला विचारते. तू तिला दोन ओळी लिहिशील का? तुझं ती ऐकेल.

लिनेट


टुसॉन
२४ फेब्रुवारी १९७८

चि. लिनेटस,

बर्फ तडकण्याचा भाग सोबत आहे. बिगुलाला कळा दोनच आणि तुला हवा नदी फुटल्याचा आवाज. काढलाय. वरच्या बिगुलांना सांग, गाल फुगवू नका.

वांडाला मी लिहिणार नाही, आणि तूही तिच्या दारात जायचं नाहीस. अशा गोष्टी विचारायच्या नसतात. विचारलं की ती 'चालेल' म्हणेल, कारण ती तशीच बाई आहे, आणि मग घरी जाऊन रडेल. हात दाखवून अवलक्षण कशाला?

विषय संपला.

मामा


टॅमरॅक
१९ मार्च १९७८

प्रिय मामा,

मी गेले.

आता ओरडून घे आणि मग पुढे वाच. खसखशीचा केक घेऊन गेले. वांडाकाकूंनी दार उघडलं, केक बघितला आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, काकू."

"मग केक कशाला? बरं, आत ये. पाय पूस."

त्या पिएरोगी, म्हणजे त्यांच्या त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, लाटत होत्या. मला खुर्चीत बसवून हातात पिठाचा गोळा दिला, म्हणजे मी नुसती बसू नये. मी बराच वेळ बर्फाबद्दल, गाडीबद्दल, बडच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "लिनेट, तू लहानपणी काहीतरी फोडलंस की अशीच बडबडायचीस. काय फोडलंयस?"

मग मी सांगितलं. यंदाचा कार्यक्रम, पोल्का, आणि शेवटी कॅझची धून बसत नाही ते. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"कोणती? ती झोपेची?"

मामा, मी शब्दाचाही फरक करत नाहीये. जसं बोलल्या तसं लिहिते, कारण हे तुला कोणीतरी सांगायलाच हवं.

"वाईट वाटून घेऊ नको हो," त्या म्हणाल्या. "गोड आहे धून. तुझ्या मामाने, ऑग्गीने, मनापासून लिहिली. पण दर वर्षी ती संपली की तुम्ही सगळे वळून माझ्याकडे बघता. एवढी माणसं माझ्यासाठी डोळे पुसत उभी, आणि मी घरी बसू? मला वाटलं, तुम्हाला त्याची गरज आहे. ऑग्गीला तर नक्कीच आहे. म्हणून येते, बसते, रुमाल काढते."

"आणि आम्हाला वाटलं तुम्हाला..."

"हो ना! एकमेकांची समजूत घालण्यात दहा वर्षं गेली बघ." आणि त्या हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या. "एक विचारू? माझा कॅझ काय वाजवायचा?"

"स्नेअर."

"आणि त्याच्या धुनेत स्नेअर कितीदा वाजतो?"

मी मनातल्या मनात ती धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहिली. तूही पाहा, मामा.

"एकदाही नाही," काकू म्हणाल्या. "काठ्या काखेत, माना खाली. पहिल्या वर्षी मी वाट बघत होते. म्हटलं, आता वाजेल. पुढच्या वर्षी म्हटलं, यंदा तरी वाजेल. माझ्या ड्रमवाल्या पोरासाठी धून, आणि त्यात ड्रमला बोलायची बंदी! तुम्ही बिगुलवाले म्हणजे ना..."

मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड मागे सारलं. लाकडावर खिडकीच्या बाजूला खड्डेच खड्डे आहेत. कॅझ लाकडी चमचे घेऊन तिथे बसायचा. लग्नातल्या पोल्का वाजवायचा, जितक्या वेगात जमेल तितक्या. रेडिओवर संथ गाणं लागलं की बंद करायचा. आणि भूक लागली की शेवटी दोनच ठोके, ठक-ठक. काकू चुलीजवळून पळी भांड्यावर आपटून दोन ठोके परत द्यायच्या. म्हणजे वाढते, ये.

"ते ऐकायला मी पायी शिकागोला गेले असते," त्या म्हणाल्या. मग एप्रनने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तुझे पिएरोगी फाटताहेत. नीट दाब."

रागावू नकोस. किंवा रागाव, पण लिही.

लिनेट


टॅमरॅक
१६ एप्रिल १९७८

प्रिय मामा,

बर्फ गेला. गाडी गुरुवारी दुपारी बुडाली. बुजगावण्याची टोपी पुलाखालून तरंगत गेली आणि पोरांनी तिला सलाम ठोकला. पैज पुन्हा पाद्रीबाबांनी जिंकली. लोक म्हणतात, त्यांना वरून कळतं.

तुझं पत्र नाही. फोन केला तर तू 'बाहेर गेला आहेस' असं शेजारीण म्हणाली. मागे तुझ्या खोकल्याचा आवाज येत होता.

मी तुला दुखावलं असेन. दुखवायचं नव्हतं. पण शेवट अजून कोराच आहे. पोरं पोल्का संपली की नुसती उभी राहतात आणि माझ्याकडे बघतात. तू नाही लिहिलंस तर मी काहीतरी जोडून देईन, पण ते जोडलेलंच दिसेल.

लिनेट


टुसॉन
२७ एप्रिल १९७८

चि. लिनेटस,

तुझं पत्र वाचून मी शेजारणीला खोटं बोलायला लावलं. तिला ते आवडलं.

आधी राग आला. तुझा, मग वांडाचा. मग धून काढली आणि प्रत्येक ओळ बघितली. ड्रमच्या ओळी कोऱ्या. मी त्या कोऱ्या ठेवल्या तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. लिहून झाल्यावर मी स्वतःच रडलो होतो. ज्याने आयुष्यभर बिगूल फुंकला त्याला वाटतं, दुःख बिगुलातूनच बाहेर पडतं. बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकायचं. वांडा दहा वर्षं त्या बाकड्यावर वाट बघत बसली आणि मी तिचा रुमाल बघून खूश होत होतो.

असो. सोबतचं पुडकं उघड.

पोल्का आहे तशीच राहील, पण गाडी बुडाल्यावर बिगूल एकेक करत थांबतात. सगळ्यांत शेवटी जाडे. मग बिगूल खाली. ड्रम एकटे राहतात, त्यातून स्नेअर एकटे, त्यातून ती तुझी मार्गी एकटी. पोल्काच, पण जितक्या वेगात जमेल तितक्या. बिगुलांच्या शेवटच्या पानावर मी विरामाच्या खुणांशिवाय काहीही लिहिलेलं नाही. माझ्या हातून बिगुलांसाठी यापेक्षा चांगलं काही लिहून झालेलं नाही, हे त्यांना सांग. माना मात्र खाली घालायच्या नाहीत. माना वर, नजर ड्रमकडे.

बड बोंब मारेल. म्हणेल, बिगुलांचा दणका नाही तर शेवट कसला? आणि ड्रम असे उघडे पडले की परीक्षकाला प्रत्येक चुकलेला ठोका ऐकू जाणार. चुकीला दशांश गुण, कापत सुटेल. कापू दे.

अगदी शेवटी दोन ठोके. त्यानंतर दोन ठोक्यांची जागा मोकळी सोडली आहे, समोर उभं राहून इशारे देणाऱ्या ड्रम मेजरने तिथे हात वरच ठेवायचा. ती जागा कोणासाठी आहे ते मी लिहिलेलं नाही. तूही कोणाला सांगू नकोस, तिला तर मुळीच नाही.

आणि एक मागणं. ती जुनी धून फेकू नको. वांडाला तिने झोप येते, पण मला ती धून हवी आहे. मैदानात उतरायच्या आधी, बसजवळ, सगळ्यांनी गोल उभं राहून नुसती गुणगुणा. लोकांसाठी नाही, गुणांसाठी नाही. ड्रमवाल्यांना गोलात घ्या. त्यांना गाता येत नाही, तरी घ्या.

मामा


टॅमरॅक
२ जुलै १९७८

प्रिय मामा,

काल गावची स्पर्धा झाली. माझा आवाज बसला आहे, म्हणून बरं की पत्र हाताने लिहायचं असतं.

दुपारी बसमागे गोल केला. तुझी धून गुणगुणली. ड्रमवाले इतके बेसूर गायले की तू असतास तर काठी घेऊन धावला असतास. मार्गीने विचारलं, "मिस, हा कॅझ कोण होता?" आणि मी सांगितलं. चमचे, टेबल, रेडिओ, सगळं. फक्त दोन ठोक्यांचं नाही सांगितलं. ती म्हणाली, "मग तो आमचा होता," आणि ड्रमचा पट्टा खांद्यावर चढवून निघून गेली.

वांडाकाकू त्यांच्या जागी, रुमाल हातात धरून, बसलेल्या होत्या. यंदा धून नाही हे त्यांना माहीत होतं, बाकी काही नाही.

थंडीला लोक शांत झाले. खुर्च्यांची गाडी मैदानात आली तेव्हा पहिल्याच क्षणी गावाने ती ओळखली, आणि पाद्रीबाबा उभे राहून ओरडले, "गुरुवार!" बर्फ तडकला, गाडी बुडाली, पोल्काला बाकडी हलायला लागली. मग बिगूल थांबायला लागले. बड माझ्या दंडाला धरून म्हणाला, "पोरं विसरली! लिनेट, पोरं विसरली!" मी म्हटलं, "गप्प बस, बड."

जाडे बिगूलही थांबले. सगळे बिगूल खाली, माना वर. नुसते ड्रम. मग नुसती मार्गी, मैदानाच्या मधोमध. मामा, ती पोरगी वाजवत होती की उडत होती, कोणास ठाऊक. परीक्षक तिच्याभोवती फिरत होता आणि त्याच्या कागदावर पेन्सिल टेकत नव्हती. मी काकूंकडे बघितलं. रुमाल मांडीवर पडला होता आणि त्या पुढे वाकून बसल्या होत्या, जणू ताटात काय वाढलंय ते बघताहेत.

ठक-ठक.

ड्रम मेजरचा हात वर. शांतता. माझ्या मनात आलं, हे आपण काय केलं. कोणी टाळी वाजवली तर? कोणी खोकलं तर?

आणि चौथ्या ओळीतून, लाकडी बाकड्यावर मुठीने, जोरात: ठक-ठक.

मार्गीला कोणी काही सांगितलं नव्हतं, मामा. तिने सावधान उभं राहायचं सोडून मान वळवली आणि काकूंकडे बघून हसली. मग जो आवाज उठला तो मी या गावात कधी ऐकला नव्हता. बड रडत होता आणि मला रागे भरत होता, दोन्ही एकदम.

आता गंमत. परीक्षकाची पाठ प्रेक्षकांकडे होती. मोकळ्या जागेत पोरांकडूनच चुकून ठोके पडले असं त्याला वाटलं आणि त्याने दशांश गुण कापला. त्या दशांशाने आमचा दुसरा नंबर गेला, तिसरे आलो. बड तक्रार करायला निघाला होता. काकूंनीच त्याला अडवलं. "कापू दे की. वाजवले मी, चूक माझी." आणि सगळ्या ड्रमवाल्यांना जेवायला घरी घेऊन गेल्या. बिगुलवाल्यांना बोलावलं नाही. म्हणाल्या, "तुमचं दहा वर्षं ऐकलं."

मेणकापड काढून ठेवलं होतं म्हणे.

तुझी,
लिनेट


टुसॉन
११ जुलै १९७८

चि. लिनेटस,

गुणपत्रिका मला पाठव. तो दशांश माझा आहे, तिसऱ्या नंबरावर समाधान मानायला बडला सांग.

वांडाला विचार, येत्या हिवाळ्यात गाडी बर्फावर ढकलायला एक खोकणारा म्हातारा चालेल का. बिगूल आणणार नाही. लाकडी चमचे तिच्याकडे आहेतच. मी कुठे बसायचं, तेवढं तिने दाखवावं.

मामा